सव्वाआठची गाडी

“नाय, असं नाय व्हायचं.”

कुठल्याही सिनेमाविषयी त्याचं अखेरचं मत हे एवढंच असे. म्हणताना उजव्या हाताचा पंजा तो असा हलवी, जणू भातावर बसलेलं पाखरू हाकलतो आहे. ज्या शेवटाला तो हे म्हणे तो शेवट त्याने पाहिलेलाच नसे. तो मी त्याला सांगितलेला असे.

सिनेमावर बोलणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. हल्ली तर प्रत्येक जण बोलतो. पण अर्धाच सिनेमा बघून पुऱ्या सिनेमाचा निकाल लावणारा, आणि तो निकाल बरोबर येणारा, असा माणूस मी एकच पाहिला.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो बॉयलरवर होता आणि मी टाइम ऑफिसात, हजेरीच्या कार्डांवर. तो राहायला उमरठच्या पुढच्या एका वाडीत. महिन्यातून दोन शनिवारी, पहिली पाळी सुटली की तो गावात थांबायचा आणि सहाच्या खेळाला बसायचा. दुपारचा खेळ फक्त रविवारी असे, आणि रविवारी त्याला शेत. वाडीकडे जाणारी शेवटची एसटी सव्वाआठला सुटायची. त्यामुळे आठ वाजले की पडद्यावर नायिका दरीत लोंबकळत का असेना, हा उठायचा. हातात घड्याळ नव्हतं. मी दोन रांगा मागे बसलेलो असायचो. तो लोकांच्या गुडघ्यांतून वाकून निघाला की मी आपलं घड्याळ लावून घ्यावं, इतका तो अचूक.

सोमवारी कँटीनमध्ये डबा उघडता उघडता पहिला प्रश्न, “भाऊसाहेब, पुढं काय झालं?”

मी सांगायचो. तो चावत चावत ऐकायचा आणि मग मत द्यायचा. मतं सगळी घरची. “भात गुडघाभर आलाय आणि हिरो त्याच्यातनं धावतो. मालक कुठं गेला त्याचा?” “एवढ्या पावसात ती बाई नाचते, हिच्या घरची लाकडं भिजली त्याचं काय?” “दरीत पडला तरी शर्टाची इस्त्री तशीच. मी आंब्यावरनं पडलो तर लेंग्याचे दोन भाग झाले.” सगळं टेबल हसायचं. मीही हसायचो, पण मला ते आवडायचं नाही.

मला सिनेमातलं कळतं, असा माझा समज होता. रविवारच्या पुरवण्या मी वाचत असे. दिग्दर्शकाने कॅमेरा कुठे ठेवला यावर मी बोलायला लागलो की लोक ताकाची वाटी शोधायचे. याने पंजा हलवला की सगळे कान देऊन बसायचे. बॉयलरवरचा माणूस, सातवी शिकलेला, अर्धा सिनेमा बघणारा! चीड यायची मला.

एकदा एका सिनेमाचा शेवट मी फार रंगवून सांगितला. आंधळी बहीण शेवटी भावाला माफ करते. आवाज वगैरे लावून मी सांगत होतो. त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

“नाय, असं नाय व्हायचं. त्यानं माफी मागितलीच कुठं? रडला फकस्त.”

आमच्या टेबलावर उमरठचा एक फिटर बसायचा. तो म्हणाला, “टाइम ऑफिसचं कार्ड आज लेट पंच झालं बघा.” सगळे खदखदून हसले. तोही हसला. ते मी विसरलो नाही.

पुढचा सिनेमा घाटाखालच्या एका माणसाचा होता. मुंबईला गोदीत कामाला जातो, तिथेच दुसरं बिऱ्हाड थाटतो, आणि गावाकडे बायको वाट बघत राहते. त्या सोमवारी त्याने लगेच विचारलं नाही. डबा उघडून बसला. मग म्हणाला, “भाऊसाहेब, हा आमच्या घरचाच पिक्चर हाय.” त्याचा थोरला भाऊ तसाच मुंबईला गेला होता आणि आठ वर्षांत फिरकला नव्हता. वहिनी याच्याच घरात, याच्याच बायकोच्या जोडीने राबत होती. हे सगळ्या टेबलाला ठाऊक होतं. मलाही.

सिनेमाचा खरा शेवट असा होता : नवरा एकदा गावी येतो, दाराबाहेर उभा राहतो, कडीला हात लावतो आणि तसाच मागे फिरतो.

मी सांगितलं, “शिमग्याला घरी येतो तो. पालखी खांद्यावर घेतो, ढोल वाजतो, सगळे नाचतात. संपला.” सांगताना फिटरकडे बघून डोळा मारला.

पंजा हलला नाही. “असं झालं?” त्याने विचारलं.

“असं झालं.”

“बरं झालं,” म्हणाला, आणि डबा अर्धा ठेवून बॉयलरकडे गेला.

त्याची दया आली म्हणून मी शेवट बदलला, असं मी माझ्या बायकोला पुढे सांगितलं. इतकी वर्षं तिने ते खरं धरलं आहे. आता ती हे वाचेल. दया वगैरे काही नव्हतं. मला त्याला एकदा तोंडघशी पाडायचं होतं. चार दिवसांनी भर टेबलावर ‘असलं काही सिनेमात नव्हतंच’ म्हणून हसायचं होतं. पण चार दिवसांत तो इतका खुलला, की हसायची माझी छाती झाली नाही. आणि खरं सांगायची तर त्याहून नाही.

तो शेवट त्याने घरी नेला. वहिनीला सांगितला, वाडीला सांगितला. पुढच्या शिमग्यानंतर फिटर मला म्हणाला, “अहो, ती वहिनी सणाला दोन ताटं मांडते म्हणे. पिक्चरात तसं होतं म्हणते.” ताटाचं मी काही बोललो नव्हतो. पण मी तो विषय वाढवला नाही. त्याच्या पुढच्या शिमग्यालाही तिने ताट मांडलं.

मग वाडीत सत्यनारायणाच्या पूजेला कोणीतरी भाड्याने व्हिडिओ आणला. बरोबर त्याच सिनेमाची कॅसेट. सगळी वाडी अंगणात बसली. शेवटी नवरा कडीला हात लावून मागे फिरला तेव्हा वहिनी उठली, दिराजवळ आली आणि म्हणाली, “भावोजी, पुरा बघितलात नाय तर सांगायचं नव्हतं.” हे सगळं मला फिटरकडूनच कळलं. वाडीतली पोरंटोरंही मग त्याला ‘खोटा पिक्चरवाला’ म्हणायला लागली. शेवट कोणी सांगितला हे त्याने वाडीत एकालाही सांगितलं नाही. माझं नाव घेतलं असतं तर एका वाक्यात सुटला असता.

पूजेनंतरच्या सोमवारी तो कँटीनमध्ये आला, डबा उघडला, जेवला. ‘पुढं काय झालं’ नाही. मी वाट बघत होतो. शेवटी फिटरने विचारलं, “काय हो, शनिवारी कुठला बघितला?”

“पिक्चर बंद,” तो म्हणाला. “गाडी चुकते.”

निवृत्त होईपर्यंत तो त्याच टेबलावर बसला. माझ्याशी भातावर बोलला, पगारवाढीवर बोलला, मुलाच्या लग्नाला बोलावलं. सिनेमावर बोलला नाही. टेबल बेचव झालं. मला मैदान मोकळं मिळालं होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही नव्हतं.

थिएटर पुढे बंद पडलं. आता तिथे सिमेंटचं गोदाम आहे. आमच्या मुलाने घरी भिंतीएवढा टीव्ही लावून दिला आणि हजार सिनेमे एका बटणावर आले. आता बघा किती बघता ते! मी बघतो आणि चिडतो. आणि त्याच सुमारास तो पुन्हा भेटायला लागला. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला महाडला येई. दुपारी परतीच्या गाडीपर्यंत आमच्याकडे टेकायचा. तोवर त्याची बायको गेली होती, मुलं नालासोपाऱ्याला होती, आणि घरात तो आणि वहिनी दोघंच. पहिल्या दिवशी माझ्या बायकोने चहा दिला आणि विचारलं, “सिनेमा लावू का?”

“लावा वहिनी. मोफतचा हाय तर लावा.”

मतं तशीच होती. “सगळा अंधारात काढलाय. लाइटचं बिल वाचवलं काय?” “हल्ली पिक्चरात कोण पुरा जेवत नाय. ताट येतं, भांडतात, उठतात. अन्न टाकतात नुसतं.” बायको हसून हसून बेजार व्हायची. पण सिनेमा दोनला सुरू झाला की चारला हा उभा. “गाडी हाय.” गाडी सव्वापाचला, स्टँड आमच्यापासून दहा मिनिटांवर. मी म्हणायचो, “अरे, अर्धा तास राहिलाय, बस की.” “नको भाऊसाहेब.” आणि तो गेल्यावर ‘पुढं काय झालं’ विचारायला फोनही नाही. पुढच्या महिन्यात नवा सिनेमा. आमच्या टीव्हीवर न संपलेल्या सिनेमांची एक रांग दिसते, प्रत्येकाखाली तांबडी रेघ. त्या रांगेत एकसारख्या, शेवटाआधी बोटभर थांबलेल्या रेघा जमल्या. त्या बघून माझा जीव खालीवर व्हायचा.

“सांगून टाका त्यांना एकदा,” बायको म्हणायची. “चांगल्या मनाने केलंत, ते काय रागावणार आहेत?” हे ऐकलं की मला तोंड फिरवावं लागे.

एकदा ठरवलं. तोच सिनेमा शोधून काढला आणि लावला. पहिली पाटी आली. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हा बघितलाय.”

“शेवट बघितलास?”

“व्हय. पूजेला.”

हीच वेळ होती. तो वाट बघत होता असं मला आजही वाटतं. मी रिमोट हातात घेऊन बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्म्याला दोष देऊन पुसलं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि शांतपणे म्हणाला, “दुसरा लावा.” मी दुसरा लावला. रडला फकस्त, हे त्याने त्या आंधळ्या बहिणीच्या भावाला म्हटलं होतं.

त्यानंतर तो तीन वेळा आला. शेवटच्या वेळी धरणाचा सिनेमा होता. गाव पाण्याखाली जाणार असतं आणि एक म्हातारी घर सोडत नाही. चारला तो उठला, चपला घालताना म्हणाला, “म्हातारी झकास हाय.” पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला कोणी आलं नाही. फिटरने फोन करून सांगितलं, झोपेतच गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी वाडीवर गेलो. वहिनी ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. ऐंशीच्या आसपासची, पण बोटं झरझर चालत होती. मी कोण ते सांगितलं. “टीवीवालं भाऊसाहेब,” ती म्हणाली आणि पाट सरकवला.

मी प्रस्तावना केली नाही. “तो शिमग्याचा शेवट त्याने रचला नव्हता. मी त्याला खोटा सांगितला, त्याची थट्टा करायला. त्याने मुद्दाम कोणाला फसवलं नाही. चूक माझी. माफी मागायला त्याच्याकडे यायला हवं होतं, ते झालं नाही.”

तिची बोटं थांबली.

“म्हंजी त्यांनी नाय केलेला?” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्यासाठी केला. पूजेच्या दिशी रागावले मी. मग कळलं, दिरानं आपल्यासाठी केलेला असल.”

मी काय करून बसलो हे माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांनी खरं बोलायला आलो आणि बाईच्या हातातलं होतं तेवढंही काढून घेतलं. उठून जावंसं वाटलं.

ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पालखी खांद्यावर घेऊन येतो. ती गर्दीत वळखते. बोलत नाय काय. घरात जाते नि दुसरं ताट मांडते.”

“थांबा,” मी म्हणालो. “ताटाचं मी नाही सांगितलं. गर्दीत ओळखते, हेही नाही. मी फक्त पालखी, ढोल आणि नाच सांगितला. त्या बाईचं मी काहीच बोललो नव्हतो. ते सगळं त्याचं.”

“खरं सांगताव?”

“आता खोटं बोलायला माझ्याकडे काय राहिलंय, वहिनी?”

तिने एक वाल उचलून सोलला, दाणा पातेल्यात टाकला.

“तुमच्याकडनं आले की अर्धा सांगायचे,” ती म्हणाली. “पुरा बघायचा नाय, असं ठरलं व्हतं आमचं. पुढचा आमी दोघं करायचो, हितं बसून. तो धरनाचा तेवढा राहिला.” माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, “पुढं काय झालं?”

तो गेल्याचं कळल्यावर मी तेवढा एक पुरा बघितला होता. जसा होता तसा सांगितला. पोलीस येतात, म्हातारीला उचलून ट्रकमध्ये बसवतात. पाणी चढतं, उंबऱ्यावरून आत शिरतं, आणि कौलांवर येऊन थांबतं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

तिने वाल सोललेला ओला पंजा हलवला.

“नाय, असं नाय व्हायचं.”

खाली वळणावर माझ्या एसटीचा हॉर्न वाजला. महाडला जाणारी त्यानंतर एकही नव्हती.

“मग काय व्हायला हवं होतं?” मी विचारलं, आणि पाटावर मांडी घालून बसलो.