ठकुबाईची लंगडी कोंबडी

निम्मे तांदूळ निवडून झाले होते, तेवढ्यात शेजारची ठकुबाई सुपासमोर येऊन बसली. आमच्या पूर्णा गावात कोंबडी आजारी पडली की आधी तिलाच हाक मारतात. ती पिसं फुंकून उवा दाखवते, गळ्याखालची पिशवी चाचपून दाणे अडकलेत का ते सांगते. "न्हाय जगायची," म्हणाली, की त्या घरात मसाला वाटायला घेतात.

तिचा मुलगा कुमार कापडाच्या लूमवर नोकरीत कायम झाला तर देवीला कोंबडी, असा तिचा नवस होता. तो कायम झाला आणि नेमकी नवसाचीच कोंबडी लंगडायला लागली. सगळे म्हणाले, दृष्ट लागली. ठकुबाईने पाय उलटा करून पाहिला, तर बोटाला लूमचा धागा करकचून गुंडाळलेला, कुमारच्याच कपड्यांवरून आलेला. तिने तो कापला, हळद लावून पट्टी बांधली, मांडीवर घेऊन दाणे भरवले. लंगडी कोंबडी देवीला देत नाहीत, म्हणून नवस थांबला.

आज तीच कोंबडी माझ्या तांदळांवर धावत आली.

"काकी, बरी झाली की गो ही!"

"न्हाय गो रंजिता, आतून दुखतंय तिला."

"धावतेय ती!"

"दुखतंय म्हनून धावते." मग हळूच म्हणाली, "तू रोज पोथी वाचतेस. देवी किती दिस थांबते?"

देवीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. कोंबडीने माझ्या पदराला चोच पुसली.

"पुरती बरी होईपर्यंत थांबते," मी म्हटलं.

ठकुबाई लगेच उठली आणि काल्हेरच्या मेडिकलमधून नवी पट्टी आणायला गेली.