पहिल्या हाकेला ओ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते गोदाआत्याचे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी देऊळघाट सोडलं त्या सकाळी तिनं असं काही केलं, की माझी माय पुढे कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नव्हती.

एसटी फाट्यावर उभी होती. आधी बुलढाणा, तिथून मलकापूर, आणि मलकापूरला रेल्वे. बाबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवून दिली. मायनं हातावर दही ठेवलं. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागून हाक आली, "भास्कर!"

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माय ओरडलीच, "अवं बाई, काऊन हाक मारली त्याले मांगून? सुधं जाऊ दे नं लेकराले!"

मी वळलो आणि म्हणालो, "ओ!"

आत्या बाभळीखाली उभी होती. "काई नाई," ती म्हणाली, "पहिल्या हाकेले ओ देते का नाई, तेवढं पाह्यलं. जाय आता."

तुम्हां देऊळघाटकरांपैकी जे गावातच राहिले, त्यांना आत्या आठवत असेल. जे माझ्यासारखे पोटापाण्यासाठी दूर गेले, त्यांनी लहानपणी तिची चेष्टाही केली असेल. भिंतीआड लपून "गोदाबाई!" म्हणायचं आणि पळायचं. ती दर वेळी "ओ" म्हणायची. ओसरीवर मिरच्या निवडताना, चुलीपुढे, कधी झोपेतसुद्धा. बाबा चिडायचे, "अवं, कोणी नाई तिथं."

"नसू दे. ओ देल्ल्यानं काय जाते आपलं?"

असं का, ते मला मॅट्रिकच्या वर्षी मायनं सांगितलं. आत्याचं सासर लोणारचं. घर विवराच्या काठाजवळ. मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, एका संध्याकाळी सुटलेली गाय शोधायला खाली झाडीत उतरले. दिवेलागण झाली, तरी वर आले नाहीत. मग खालून हाक आली, "गोदा!"

आपल्याकडे दिवे लागल्यावर आलेल्या हाकेला लगेच ओ देत नाहीत. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर ते तिसऱ्यांदा मारत नाही, अशी समजूत. त्यातून नवरा बायकोला चारचौघांत नावानं हाक मारेल, ही गोष्टच तेव्हा नव्हती. सासूनं आत्याचं तोंड दाबून धरलं. "सखाराम तुले नावानं बोलवत नाई. हे दुसरंच काई हाये. तिसरी होऊ दे." दुसरी हाक आली. ती समोरच्या काठावरून आल्यासारखी वाटली. विवरात आवाज असाच फिरतो. कोण कुठून बोलतंय, कळत नाही. तिसरी आलीच नाही.

गाय आपली आपण परत आली होती. मामाजी काही सापडले नाहीत. कोणी म्हणालं पाण्यात गेले, कोणी म्हणालं जनावरानं नेलं. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्यांनी त्यांच्या नावाची घागर भरली. मेलेल्या माणसासाठी आखाजीला पाण्यानं भरलेली घागर मांडतात. आत्या त्या घागरीच्या पाया पडली नाही. "ज्याले ओ देल्ली नाई त्याले पाणी कसं देऊ?" एवढं म्हणून ती भावाकडे देऊळघाटला आली. नंतर तिनं स्वतःच्या हातानं ती घागर कधी भरली नाही. माय, बाबा, शेजारपाजार, सगळे समजावून थकले.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा वांगी आणि मिरची लावत, गाडीत भरून बुलढाण्याच्या बाजारात नेत. मी बी.एस्सी. झालो, तेव्हा त्यांच्या मनात एकच चित्र होतं: बुलढाण्याची कचेरी, खुर्ची, डोक्यावर पंखा. चीनच्या लढाईनंतर हवाई दलात भरती वाढली होती. मी गुपचूप अर्ज केला आणि निवड झाली. बाबा म्हणाले, "आपल्या खानदानात झाडावर चढून पडला नाई असा एक दाखव. आन् हा आभाळात चालला!" घरात आठ दिवस अबोला. तो आत्यानं मोडला. "अरे, जाऊ दे त्याले. ज्याले वरून दिसते त्याले शोधता तरी येते." मी गेलो तो त्या एका वाक्यावर.

हैदराबादजवळच्या प्रशिक्षणात पहिले महिने माझी वऱ्हाडी हाच सगळ्यांचा विरंगुळा होता. नंतर मला विमान चालवता येऊ लागलं आणि हसणं थांबलं. मग फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे विचारायची वेळ आली. सगळ्यांना फायटर हवं होतं. हेलिकॉप्टर मागणारा म्हणजे टांगेवाला, असं आम्ही एकमेकांना चिडवायचो. मीही फायटरच सांगणार होतो. पण त्याच आठवड्यात मैदानावर एक हेलिकॉप्टर आलं. तोवर मी पाहिलेलं प्रत्येक विमान डोक्यावरून निघून जाणारं होतं. हे थांबलं. गवत जमिनीला चिकटलं, आणि ते हवेत एका जागी उभं राहून हळूहळू तोंड वळवू लागलं, जणू कोणी हाक मारली ते बघतंय.

प्रशिक्षकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "सर, यात थांबता येतं." त्यांनी माझ्या नावापुढे हेलिकॉप्टर लिहिलं. बाबांना मात्र सुट्टीत ते पटवताना नाकी नऊ आले. "इमान आभाळात उभं राह्यते म्हंजे बंद पडलं म्हण की!"

एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. खालचा माणूस ऊर फुटेस्तोवर ओरडला तरी नाही. हाकेला धावून जाणारं यंत्र, पण ठार बहिरं.

माझी नेमणूक पूर्वेच्या डोंगरांत झाली. एका दुपारी डोंगरात गेलेल्या लष्कराच्या एका तुकडीचा रेडिओवर एकच संदेश आला, तोही तुटका. नंतर शांतता. ढग उतरत होते. कमांडर म्हणाले, दुसरा संदेश येऊ दे, जागा नक्की कळेल. ते चुकीचं नव्हतं. आंधळेपणानं जाऊन आणखी माणसं घालवण्यात शहाणपण नसतं. मी म्हणालो, "सर, दुसरा येईलच असं नाही." त्यांनी इंधनाची मर्यादा घालून परवानगी दिली.

त्या तुटक्या संदेशाच्या अंदाजानं एका दरीवर पोचलो. गोल दरी, चहूकडून कडे, आणि आत ढग पाण्यासारखा भरलेला. जणू मी लोणारच्याच काठावर उभा होतो. वर थांबून राहिलो. इंधनाचा काटा उतरत होता, सहवैमानिक बोटानं तो दाखवत होता. मग ढगात एक भोक पडलं, आणि तळाशी हात हलवणारा माणूस दिसला. सगळे सापडले. दोघांचे पाय मोडले होते, पण सगळे जिवंत होते.

तळावर चहा घेताना त्यांचा हवालदार माझ्याजवळ आला. गढवालचा वयस्क माणूस. "साब, आपके साथ कोई औरत थी क्या?"

"नहीं। क्यों?"

"हमने दो बार आवाज़ लगाई थी। दोनों बार जवाब आया। औरत की आवाज़ में, बस 'ओ'। मशीन तो बाद में सुनाई दी।" तो कपात बघत राहिला.

त्या वर्षी सुट्टीवर आलो, तर मायची तक्रार तयारच होती. आत्याचं आता फारच वाढलंय. एका दुपारी मिरच्या निवडताना उठून अंगणात गेली आणि दोनदा 'ओ' म्हणून इतक्या जोरात ओरडली, की शेजारी धावत आले. कोणीच हाक मारली नव्हती. मी दिवस विचारला नाही. आजही विचारलेला नाही. आत्या ओसरीवर बसली होती. तिला सांगावं म्हणून कितीदा जवळ गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

आता माझ्या क्वार्टरला नळ आहे, दिवा आहे, मुलं हिंदीत भांडतात. घर म्हणावं असं सगळं आहे. पण संध्याकाळी कोणी हाक मारली, की माझे कान देऊळघाटच्या ओसरीकडे लागतात. त्या सुट्टीवरून तळावर परतल्यावर मी आत्याला पत्र लिहिलं. बाबा मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणून घरच्या बोलीतच लिहिलं.

"तीर्थरूप गोदाआत्यास भास्करचा साष्टांग नमस्कार.

आत्या, तोंडानं सांगता आलं नाई म्हून लिहितो. इकडं डोंगरात काई माणसं खाली दरीत अडकली होती. त्याईनं दोन हाका मारल्या. मले मशीनच्या आवाजात काई ऐकू आलं नाई. पण त्याईले ओ ऐकू आली. बाईमाणसाची. मंग मी पोचलो. सगळे जिवंत हायेत.

ती ओ कोणाची, ते मी काई म्हणत नाई. तुले माहीत असल. पण देऊळघाटची ओ इतक्या दूर पोचत असल, तर लोणारच्या काठावरून खाली पोचली नाई, असं मी तरी कसं म्हणू? सासूनं तुहं तोंड दाबलं होतं. आतल्या आत तू ओ देल्लीच होती ना?

आखाजीची घागर भरायची का नाई ते तूच पाह्यजो. भरली तर माह्याकडून एक ओंजळ टाकजो.

पुढच्या सुट्टीत येतो. परत निघताना मांगून हाक मारजो. माय रागावली तरी मारजो.

तुहा भास्कर."