ड्रायरमध्ये कोंडलेली हवा

मित्रांनो, आज कामावर थोडक्यात वाचलो.

सौंदडजवळच्या राईस मिलमध्ये मी ऑपरेटर आहे. तांदळातले काळे दाणे उडवणाऱ्या मशीनला दाबाखालची कोरडी हवा लागते. हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणारा एअर ड्रायर मी सांभाळतो.

आज दुपारी हवेसोबत पाणी यायला लागलं. फिल्टर तुंबला असेल म्हणून ड्रायरचे दोन्हीकडचे कॉक बंद केले आणि फिल्टरच्या खालची आट्यांची वाटी काढायला फिरवू लागलो. आत कोंडलेली हवा सोडायची राहिली, हे फुस्स आवाज आल्यावर कळलं. वाटी हातात थरथरत होती. सुटली असती तर तोंडावरच आली असती.

"काऊन गा, काय करून राहिला?" फिटर यादोरावकाकांनी विचारलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं.

"हात हालवू नको. दाबून धर."

त्यांनी हवा सोडायचा कॉक हळूहळू उघडला. दाबाचा काटा शून्यावर आला आणि मी तिथंच खाली बसलो.

घरी बायकोला काहीच सांगितलं नाही. उद्या पुन्हा तीच वाटी उघडायची आहे. अशी भीती बसल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी कामाला हात कसा लावला?