पोळ्याचं थिनर अन् संत्र्याचे डोळे

आमचे हे, रामाजी, बोलण्यात कच्चे अन् हाताले पक्के. रामाकोन्यापासून मोहगावापर्यंत कोणाच्याही संत्र्याच्या बागेत जा, डोळा यायनंच भरला असंल. डोळा म्हणजे फांदीवरचा न उमललेला कोंब. तो सालीसकट काढायचा, जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीत बसवायचा अन् वरून पट्टी बांधायची. जगला तं तेच झाड पुन्हा. घरात मात्र मिठाचा डबा कुठं हाये तेही यायले सापडत नाही.

संक्रांतीले आमची उर्वशी नागपूरवरून आली, ते बापासाठी नवा चाकू घेऊनच. काळं पातं, रबरी मूठ. जुना शिसमाच्या मुठीचा चाकू घासून घासून पार झिजला होता, तो तिनं कपाटावर टाकून दिला. यायनं नवा चाकू उलटापालटा करून पाहिला अन् खिशात ठेवला. पोरगी लय खुश झाली.

ती गेली अन् दुसऱ्याच दिवशी वारं सुटलं. विहिरीजवळचं संत्र्याचं झाड मुळासकट आडवं झालं. हे डोळा भरायले शिकले, तेव्हा यायच्या हातचा पहिला जगलेला डोळा म्हणजे ते झाड. फांद्या सुकायच्या आत डोळे काढून भरले तरच ते राहणार होतं, नाही तं गेलं ते गेलंच. हे जेवलेही नाही.

आता नव्या चाकूवर दुकानाचं तेल होतं, गंज लागू नये म्हणून लावतात ते. फडक्यानं निंगेना. तं यायनं काय करावं? पोळ्याले बैलाची शिंगं रंगवून उरलेलं थिनर गोठ्यात होतं, त्यात चाकू बुडवला! वरवर पुसला अन् बसले डोळे भरत.

सांजेले मी चहा घेऊन गेली, तं यायचा हात मुठीले चिकटलेला. रबर पघळून गुळाच्या पाकासारखं झालं होतं. पात्याचा काळा रंग बोटांवर आला होता.

"हे काय करून ठेवलं तुमी?"

"थिनरनं खाल्लं वाट्टे," म्हणाले. मग चाकू नाकाजवळ नेला अन् यायचं तोंडच उतरलं. मुठीच्या फटीत थिनर राहून गेलं होतं, ते हळूहळू पात्यावर येऊन राहिलं होतं. "पंचफुला, हे सालीत गेलं असंल तं सारे डोळे जळतील वो."

माझा तं पाराच चढला. "अवो, रंग काढायचं ते! रबराले लावतात का कोणी? कोमट पाणी, साबण अन् कोरडं फडकं, एवढ्यात झालं असतं ना बाप्पा!" आणखी बोलणार होती, पण पाहते तं माणूस रडून राहिला होता. आडव्या झाडावर आता एकही डोळा उरला नव्हता.

पुढचे तीन आठवडे हे रोपांभोवती घिरट्या घालत. पट्टीले हात लावत अन् मागं घेत. उर्वशीचा फोन आला, "बाबा, चाकू कसा चालून राहिला?" तं म्हणाले, "मस्त." अन् फोन माझ्या हातात देऊन बाहेर पळाले.

पट्टी सोडायच्या दिवशी हे पुढंच येईना, म्हणून पहिली मीच सोडली. जळलेला डोळा काळा पडतो, बोट लावलं की गळतो. हा हिरवा होता. दुसरा हिरवा, तिसराही हिरवा. "अवो, पाहा ना इकडे!" मी ओरडलीच.

यायनं खाली बसून एकेक डोळा बोटानं दाबून पाहिला. मग हळूच म्हणाले, "ते तोंड धुणं कामी आलं."

यायची जुनी खोड हाये. डोळा काढायच्या आधी दरवेळी जंबेरीच्या एका फालतू कोंबावर काप मारायचा अन् पातं खांद्यावरच्या दुपट्ट्याले पुसायचं. याले हे पात्याचं तोंड धुणं म्हणतात. सारं गाव हसते यायले. थिनर त्या कोंबांवर अन् दुपट्ट्यावरच गेलं होतं.

मी तिथूनच उर्वशीले फोन लावला. "उर्वशे," हे म्हणाले, "तुया चाकूनं माह्यं झाड वाचवलं वो."

"अन् मूठ?" मी मागून विचारलं.

"मूठ मीच पघळवली पोरी. बैलाच्या थिनरनं."

तिकडून पोरगी खदखदून हसली. "जाऊ द्या बाबा, मूठ काय, दुसरी बसवू. तुमी रडून राहिले का?"

"होय वो बाई," हे म्हणाले, "पण आता हसून रडून राहिलो."