ताऱ्याच्या ठोक्याला शेपूट, आणि महागावजवळचा तांडा

सरिताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, तुमच्या ब्लॉगवरचं चुकलं. म्हणजे चूक माझीच, तुम्ही फक्त अलंकार घातले. रविवारी तांड्यात सगळ्यांसमोर सांगणार आहे. याल?"

सरिता महागावजवळच्या बंजारा तांड्यातली. पुण्याकडे राहून दूरच्या ताऱ्यांच्या रेडिओ लहरींचा अभ्यास करते. उन्हाळ्यात मी तिच्यावर लिहिलं होतं: 'मृत ताऱ्याच्या हृदयाला सापडली नवी लय'. अशी वाक्यं लिहायची खोड संस्कृत पाठशाळेपासूनची. तांड्याने तेच वाक्य तिच्या फोटोखाली फ्लेक्सवर छापलं. आता जाणं भाग होतं.

यवतमाळहून नांदेडकडची सकाळची एसटी धरा, म्हणजे नाश्ता आर्णीला होतो. पोह्यांवरची तिखट तर्री सोसत नसेल तर कोरडे पोहे मिळतात. फक्त वाढणारा तुमच्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहतो. महागावपर्यंत दोन-अडीच तास. दोन्हीकडे सोयाबीन निघालेलं, कापूस फुटलेला. पुढे ऑटो. तो भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा.

तांड्याच्या तोंडाशीच फ्लेक्स होता. सरिताचे वडील प्रेमसिंगभाऊ खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यावरची धूळ पुसत होते. मी शेजारी उभ्या सरिताकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "माझ्या बालाही अजून सांगितलं नाही. आमच्यात मोठी गोष्ट घरात सांगत नाहीत, तांड्याच्या प्रमुखासमोर, नायकासमोरच सांगतात."

सगळे बसले. मी होतो म्हणून ती बंजारा बोलीऐवजी मराठीत बोलली. "तो मेलेला तारा गरगर फिरतो. दर फेरीला लहरींचा एक ठोका इकडे येतो. मला त्या ठोक्याला मागे शेपूट दिसलं. मी म्हटलं, ताराच असा ठोका देतो. मग खालच्या फ्रिक्वेन्सीवर पाहिलं, तर शेपूट कितीतरी लांब झालं. ताऱ्याचं असतं तर इतकं वाढलं नसतं. ते मधल्या वायूचं काम आहे. फार विरळ वायू, पण त्यातून येताना लहरी फाकतात. मी माझा छापलेला शोधनिबंध मागे घेतला."

 मग मागून एक आवाज आला, "मंग फ्लेक्स कायले लावला?"

प्रेमसिंगभाऊंनी मान खाली घातलेली. तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "हे चुकलं म्हणून तुले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही, बा. माझं मलाच कळलं."

"दुसऱ्या कोणाले मालूम नोहतं?"

"नाही."

"मंग सांगतलं काहून?"

"माझ्या आकड्यांवर उद्या कोणी पुढचं काम उभं केलं असतं, बा."

नायक म्हातारे.  ते म्हणाले, "आपले जुने लोक बैलायवर मीठ लादून निघत. सारे बैल संगच निघत. पन रानात कोनी इकडून गेला, कोनी तिकडून. पहिला दुपारी पोचे, शेवटचा दिवस बुडता बुडता. पाहनाऱ्याले वाटे, हे निघालेच मांगंपुढं. तसंच हाय ना, बाई?"

"तसंच, बाबा," सरिता म्हणाली.

प्रेमसिंगभाऊ उठले, स्टुलावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडू लागले. मघाचाच आवाज म्हणाला, "कापसावर झाकाले द्या, कामी येईन."

"देत नाही. फोटो माह्या पोरीचा हाय. घरी ठेवतो."

चूल पेटली. ज्वारीची भाकर आणि ठेचा; पाहुण्यांनी ठेचा बेताने घ्यावा. जेवताना सरिता सांगत होती की आता ती त्या वायूचंच मोजमाप करणार आहे. शेपूट जितकं लांब, तितकं वाटेतल्या वायूबद्दल कळतं. प्रेमसिंगभाऊ ऐकत होते, मधेच तिच्या ताटात भाकर टाकत होते.

ऑटोपर्यंत सोडायला तेच आले. म्हणाले, "भाऊ, तिले मोजू द्या. आता घाईनं नोका लिहू."

घरी आल्यावर ब्लॉगवरच्या जुन्या लेखाच्या माथ्यावर मी चूक नोंदवली. लेख पुसला नाही. आकाश म्हणजे मोकळी जागा, असं आम्ही लहानपणी घोकलं होतं. ती मोकळी नाही, हे पटायला मला एवढं वय लागलं. हे टिपण छापण्याआधी सरिताला वाचायला पाठवलं. तिने तीन विशेषणं काढली. चौथं मीच काढलं.