शीळफाट्याच्या भंगारातलं जहाज

दाजींना झोप लागत नाही, म्हणून आम्ही जहाज बघायला निघालो. ऐकायला विचित्र वाटेल, पण सहलीचं कारण एवढंच.

दाजी म्हणजे डोंबिवलीच्या माझ्या ताईचे यजमान. नौदलात असताना ते एका अजब जहाजावर होते. मुळात मालवाहू म्हणून बांधलेलं. पुढे पाठीवर रडारच्या मोठाल्या पांढऱ्या तबकड्या चढल्या आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणं हे त्याचं काम झालं. क्षेपणास्त्र सुटायच्या आधीच हे भर समुद्रात, ते पडणार तिथे जाऊन थांबायचं. बोलणं बंद, सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. शाळेत पाठ केलेल्या आणि आता पोरांना शिकवतो त्या कवितांमधली गलबतं कायम कुठेतरी निघालेली असत; नुसतं वाट बघणारं जहाज मला कुठल्याच कवितेत भेटलं नव्हतं.

म्हातारपणी ते निवृत्त झालं, तोडलं गेलं. त्याचं थोडं सामान शीळफाट्याजवळच्या भंगारवाल्याकडे आल्याचं दाजींना जुन्या सोबत्याकडून कळलं.

जाणार असाल तर माझ्यासारखे वर्तकनगरहून सकाळी लवकर निघा. मुंब्रा ओलांडलं की कंटेनरच्या रांगा आणि पुढे खोदकामाची धूळ. मी आधी डोंबिवली गाठली, पोहे खाल्ले. दाजी आत कपडे करत होते तेव्हा ताईने हळूच सांगितलं, की हे रोज रात्री गॅलरीत आभाळाकडे बघत बसतात. हाक मारली तर ओळख नसल्यासारखं बघतात. "आज काहीतरी कर रे बाबा."

रिक्षात मी कविता सुरू केली, तसे दाजी म्हणाले, "मास्तर, समुद्राला चाल लावू नकोस." मग स्वतःच बोलू लागले. जहाजावर नियम होता: बदली माणूस येऊन 'वॉच मी घेतला' म्हणेपर्यंत पहाऱ्याची खुर्ची सोडायची नाही. शेवटच्या दिवशी सगळे झेंडा उतरवायला गेले. दाजी खुर्चीतच; त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. शेवटी यांना हाताला धरून खाली आणलं.

भंगारवाला मात्र मोकळा माणूस. "आरामात बघा काका. ती खुर्ची सोडून. आमची पोरं तिच्या बाजूला डबा पण खात नाय."

उघड्या आवारात तीच पहाऱ्याची लोखंडी, करडी खुर्ची. दाजी सरळ जाऊन बसले. तेवढ्यात गॅस कटरचा आवाज थांबला. दाजींची मान सावकाश वळत होती, वर काहीतरी सरकत असल्यासारखी. फाटकातलं कुत्रंही तसंच मान वळवत होतं.

"काय दिसतंय, दाजी?"

"अजून पडलेलं नाही."

आभाळ धुरकट, रिकामं. मी सहज बोलून गेलो, "उठा आता. वॉच मी घेतला."

ते ताडकन उठले, खांदा धरून मला खुर्चीत बसवलं आणि कल्याणच्या बाजूला बोट दाखवलं. "तिथे. नजर काढायची नाही."

खुर्ची भर उन्हात गार होती.

परतताना दाजींनी उसाचा रस मागितला, वर आलं जास्त घालायला लावलं. आठवडा झाला, ताईचा फोन येतो, यांना सकाळी हलवून उठवावं लागतं. पोरीसारखी हसते ती.

मी गॅलरीत असतो. बाळकुमच्या टॉवरांच्या वर, कल्याणच्या बाजूला, काहीतरी अगदी सावकाश सरकतंय. काल बायकोने जेवायला हाक मारली. मी मान न वळवता विचारलं, "जरा इथे बसतेस?"

ती पदराला हात पुसत आली. मी घाईने म्हटलं, "नको. राहू दे."