ईश्वरप्पांचं धारोष्ण दूध

मुखेडकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करणारे ड्रेसर असलेल्या ईश्वरप्पांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, मेलेलं जनावर कशानं मेलं हे डॉक्टरच्या आधी सांगण्याचा. दुसरा, घरच्या धारोष्ण दुधाचा. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की बायकोनं काढून आणलेलं लालकंधारी गाईचं कोमट, फेसाळ दूध गिलासभर प्यायचं आणि सात वर्षांच्या नातीला, अक्षराला, आपल्या हातानं पाजायचं. "तापवलं की दुधाचा जीव जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी हुज्जत घातली की भडकायचे. बायको गुरम्मा हुज्जत घालायचीच नाही.

यंदा उन्हाळ्यात तलावाकाठच्या विहिरीत रानडुक्कर पडून मेलं. वनखात्याच्या माणसांनी ते वर काढलं आणि दवाखान्याच्या डॉक्टर दामिनीबाईंनी तिथंच लिंबाखाली ते फाडून बघायचं ठरवलं. ईश्वरप्पांनी गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सरकवलं, मास्क आणि हातमोजे चढवले. घरी गेल्यावर डोक्यावरून अंघोळ आलीच होती.

जनावर तरी काय होतं म्हणता! मानेवर उभे ताठ केस, मनगटाएवढा सुळा. रात्रीतून एकराचा भुईमूग उकरणारं धूड ते. पण जबड्याखालची गाठ कापताना सुरी करकरली, वाळूतून फिरावी तशी. आत पिवळट, खव्यासारखा चुरा. फुफ्फुसभर तसेच दाणे. ईश्वरप्पांच्या तोंडून "शिव शिव" निघालं. एवढा मोठा जीव आतून पोखरला होता आणि तरी डोंगर-दऱ्यांतून पळत होता.

"बाई, हा क्षयच."

"वाटतोय तसाच अप्पा. पण तपासणी होईपर्यंत नाव घ्यायचं नाही."

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. क्षयच होता. तलाव आटून एकच डबकं उरलेलं, त्यात डुकरं लोळायची आणि त्यातच गावाची गुरं पाणी प्यायची. कुणी कुणाला दिला ते सांगता येत नाही, म्हणून दामिनीबाईंनी सगळ्या गुरांच्या मानेत क्षयाच्या चाचणीची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी सूज मोजायची; जास्त फुगली तर गुराला क्षय. ईश्वरप्पांच्या गाईच्या मानेवर लिंबाएवढा फुगारा होता. त्यांनी मोजपट्टी तीनदा लावून बघितली.

"गाय वेगळी बांधा अप्पा. घरात हिचं कच्चं दूध कुणी पीत होतं का?"

ईश्वरप्पांच्या डोळ्यांपुढं अक्षराचा गिलास आला. डोळ्याला न दिसणारा तो जंतू एका डबक्यातून आपल्या उंबऱ्याच्या आत आला, आणि आपणच त्याला गिलासात घालून पोरीच्या तोंडाला लावला. लई भ्याले ते. आयुष्यात इतके कधी भ्याले नव्हते.

घरी येऊन त्यांनी अंगणात खेळणाऱ्या अक्षराला जवळ ओढलं आणि तिची मान बोटांनी चाचपायला लागले. गाठ लागेना, तरी हात थांबेना.

"काय करून राहिलात?" गुरम्मानं विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. "माझ्या हातानं पाजलं गं मी हिला."

गुरम्मानं पोरीला त्यांच्या हातातून सोडवलं. मग म्हणाली, "पाजलं तुमी. पण उकळत होते मी."

"कवा?"

"तुमी पूजेला बसला की. पोरीचं पोट दुखायचं, अन् तुमच्यापुढं बोलायची सोय न्हाई. उकळायचं, पातेलं गार पाण्यात ठिवायचं, मंग उंचावरून या तांब्यातून त्या तांब्यात ओतायचं. फेस येतो."

"किती दिवस झाले?"

"तिला दूध सुरू केलं तवापासून."

तीस वर्षं जनावरांच्या पोटातलं ओळखणारा माणूस आपल्या चुलीवरचं ओळखू शकला नव्हता.  ईश्वरप्पांनी हळूच विचारलं, "अन् माझा गिलास?"

"त्याच पातेल्यातला की. दोन-दोन भांडी कोण घासणार?"

ईश्वरप्पांनी लग्नानंतर पहिल्यांदाच तिला हात जोडले. "तरी बी उद्या तिघं माणसांच्या दवाखान्यात दाखवून येऊ," एवढंच त्यांना म्हणता आलं.